कोलकात्याच्या घड्याळात मुंबईची वेळ

शाळेच्या संगणकावर तारीख आणि वेळ लावायला घेतली, की कालविभागांची एक यादी समोर येते. विंडोज असेल तर तिच्यात 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' अशी एकत्र ओळ दिसते. लिनक्स असेल तर बहुतेक ठिकाणी 'आशिया/कोलकाता' एवढेच नाव असते. शाळा जुहूची असो की गडचिरोलीची, नाव कोलकात्याचेच. विद्यार्थी विचारतात, "सर, आपण मुंबईत असताना कोलकाता का निवडायचे?" आपण उत्तर देतो, "साऱ्या भारताची वेळ एकच आहे, त्यामुळे फरक पडत नाही." हे उत्तर आजच्या तारखेपुरते बरोबर आहे. पण तोच प्रश्न १९३० सालच्या तारखेबद्दल विचारला, तर फरक पडतो आणि तो चांगला ३९ मिनिटांचा आहे.

त्या नावामागे एक कोश आहे. जगातल्या कोणत्या ठिकाणी, कोणत्या काळात घड्याळ ग्रिनिचच्या किती पुढे किंवा मागे होते, हे त्यात लिहिलेले असते. त्याला 'टीझेड डेटाबेस' म्हणतात. आम्ही त्याला कालविभाग कोश म्हणू. लिनक्स, अँड्रॉइड, अ‍ॅपलचे संगणक आणि फोन, जावा आणि पायथन यांसारख्या संगणकभाषा, हे सारे याच कोशावर चालतात. साध्या मजकुराच्या मोजक्या फाइलींचा हा संच कोणालाही विनामूल्य उतरवून वाचता येतो. पुस्तकांचे परीक्षण आपण नेहमी करतो. ज्या मजकुरावर जगातली कोट्यवधी यंत्रे रोज विसंबतात, त्याचेही परीक्षण व्हावे असे आम्हाला वाटते. त्यासाठी कसोटी म्हणून आम्ही मुंबईच निवडली आहे.

सेकंदांचे घड्याळात भाषांतर

संगणकाच्या आत तास-मिनिटे नसतात. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले, एवढीच संख्या बहुतेक प्रणाली मोजत असतात. ही संख्या जुहूला आणि न्यू जर्सीला एकाच क्षणी एकच असते. पडद्यावर दिसणारी वेळ हे त्या संख्येचे स्थानिक घड्याळात केलेले भाषांतर असते, आणि भाषांतराला नियम लागतात.

सर्वांत सोपा नियम म्हणजे एक आकडा. भारतासाठी ५ तास ३० मिनिटे. युनिक्स घराण्यातल्या प्रणालींसाठी ठरलेल्या पॉझिक्स मानकात तो एका छोट्या ओळीत लिहितात: 'आयएसटी-५:३०'. येथे पहिलीच अडचण उभी राहते. ग्रिनिचच्या पूर्वेकडील वेळ 'अधिक' आणि पश्चिमेकडील 'उणे' असे आपण भूगोलात शिकवतो. या ओळीत नेमके उलटे आहे. पूर्वेला उणे आणि पश्चिमेला अधिक. स्थानिक वेळेत किती मिळवले म्हणजे ग्रिनिचची वेळ येईल, असा विचार त्यामागे आहे. तो चुकीचा म्हणता येणार नाही, पण चुकीला आमंत्रण देणारा नक्कीच आहे. चिन्ह चुकले तर घड्याळ ११ तास हलते.

दुसरी अडचण उन्हाळी वेळेची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी ही ओळ 'ईएसटी५ईडीटी,एम३.२.०,एम११.१.०' अशी होते. अर्थ असा: तिसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करा, अकराव्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घ्या. रविवारचा क्रमांक येथे शून्य आहे. ज्यांचे नातेवाईक न्यू जर्सीत आहेत त्यांना याचा परिणाम ठाऊक असतो. मुंबई आणि तेथील वेळ यांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर पडते. भारताचे घड्याळ जागचे हलत नाही, तरी फोनची ठरलेली वेळ वर्षातून दोनदा सरकते.

ही ओळ सुटसुटीत आहे, पण तिला भूतकाळ नाही. अमेरिकेत हा नियम २००७ पासून लागू झाला. त्याआधी उन्हाळी वेळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू होई. म्हणजे २८ मार्च २००६ रोजी न्यू जर्सीत घड्याळे अजून हिवाळी वेळेवरच होती. वरची ओळ मात्र त्या तारखेलाही आजचा नियम लावते आणि एका तासाने चुकते. आजचा कायदा कालच्या माणसाला लावावा, तसेच हे झाले.

तिसरी अडचण नावाची. 'आयएसटी' ही तीन अक्षरे आपण भारतीय प्रमाणवेळेसाठी वापरतो. इस्राएलची प्रमाणवेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळ यांचीही आद्याक्षरे तीच आहेत. कोकणातून इस्राएलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल कुटुंबाने मुंबईच्या नातेवाइकांना 'आठ वाजता, आयएसटी' असे कळवले, तर आठ कोणाचे? हिवाळ्यात या दोन आयएसटींत साडेतीन तासांचे अंतर असते. उन्हाळ्यात ते अडीच तासांवर येते.

कोशाची थोरवी

या तिन्ही अडचणींवर कालविभाग कोशाने शोधलेला उपाय साधा आणि विचारपूर्वक आहे. अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात हे काम सुरू केले. पुढे पॉल एगर्ट यांनी त्याची धुरा घेतली. जगभरातले स्वयंसेवक आपापल्या देशातील बदल कळवतात, त्यावर वाद घालतात, पुरावे मागतात आणि वर्षातून काही वेळा नवी आवृत्ती निघते.

कोशाचा पहिला मोठा निर्णय म्हणजे कालविभागाला आकड्याने किंवा आद्याक्षरांनी न ओळखता गावाच्या नावाने ओळखायचे. 'आशिया/कोलकाता', 'अमेरिका/न्यूयॉर्क', 'आशिया/जेरुसलेम'. देशाचे नाव मुद्दाम टाळले आहे, कारण देश फुटतात, जोडले जातात, नाव बदलतात. गाव सहसा जागचे हलत नाही. एका विभागातले सर्वाधिक लोकवस्तीचे ठिकाण निवडायचे आणि एकदा निवडलेले नाव लोकसंख्येचे पारडे फिरले म्हणून बदलायचे नाही, असा संकेत आहे. म्हणून चीनसाठी बीजिंग नाही, शांघाय आहे; आणि भारतासाठी दिल्ली किंवा मुंबई नाही, कोलकाता आहे. 'कलकत्ता' हे जुने लेखन बदलले, तेव्हाही जुन्या नावाचा दुवा जिवंत ठेवला गेला. त्यामुळे जुन्या आज्ञावली बंद पडल्या नाहीत.

दुसरा निर्णय म्हणजे इतिहास जपायचा. प्रत्येक नावाखाली कालक्रमाने ओळी असतात: अमुक दिवसापर्यंत एवढा फरक, त्यानंतर एवढा. उन्हाळी वेळेचे नियम वेगळे लिहून त्यांना साल जोडलेले असते. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसने ऑक्टोबर २००८ ते मार्च २००९ या हंगामात उन्हाळी वेळ लावून पाहिली आणि सोडून दिली. तो एक हंगामही कोशात आहे. इस्राएलमध्ये २००५ पर्यंत उन्हाळी वेळेच्या तारखा जवळजवळ दर वर्षी नव्याने ठरत. त्या साऱ्या वर्षांच्या वेगवेगळ्या ओळी कोशात मिळतात.

कालविभाग म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे, तर माणसांनी वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांची मालिका आहे, हे या कोशाने ओळखले. आपल्या पाठ्यपुस्तकांपेक्षा ही समज अधिक सखोल आहे, असे आम्ही म्हणू. पाठ्यपुस्तकात ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्त आणि त्यावरचे मिर्झापूर जणू निसर्गानेच नेमून दिल्यासारखे येते.

कोलकात्याची नोंद वाचताना

आता कसोटी लावू. कोशातली भारताची नोंद अशी आहे:

२८ जून १८५४ पर्यंत ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद, ही कोलकात्याची स्थानिक सौरवेळ.
१८७० पर्यंत ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद.
१ जानेवारी १९०६ पर्यंत ५ तास २१ मिनिटे १० सेकंद, ही मद्रास वेळ.
त्यानंतर ५ तास ३० मिनिटे, भारतीय प्रमाणवेळ.
ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२ आणि पुन्हा सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात एक तास अधिक, म्हणजे साडेसहा तास.
त्यानंतर आजतागायत साडेपाच तास.

वरवर पाहता नोंद तपशीलवार वाटते. सेकंदांपर्यंत आकडे आहेत. पण तिसरी ओळ बारकाईने वाचा. १८७० ते १९०५ या काळात कोलकात्यात मद्रास वेळ होती का? मद्रास वेळ ही मुख्यतः रेल्वेची वेळ. कोलकाता शहराचे स्वतःचे घड्याळ निराळे होते आणि कलकत्ता वेळ तेथे १९४८ पर्यंत चालू राहिली. म्हणजे नोंदीच्या माथ्यावर नाव कोलकात्याचे, सुरुवात कोलकात्याच्या सूर्याची, मधला भाग रेल्वेचा आणि शेवट भारत सरकारचा. एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या मालकांची घड्याळे एकापुढे एक जोडली आहेत.

मुंबईची घड्याळे

मुंबईचे या नोंदीत काहीच नाही. मुंबई साधारण ७२ अंश ५० मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने तिची स्थानिक वेळ ग्रिनिचपुढे ४ तास ५१ मिनिटे येते. हीच 'मुंबई वेळ'. प्रमाणवेळेपेक्षा ती ३९ मिनिटे मागे.

ही वेळ सोडायला मुंबईने दोनदा ठाम नकार दिला. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास वेळ लादण्याचा प्रयत्न केला. व्यापारी आणि नागरिक यांच्या विरोधामुळे काही काळातच तो सोडून द्यावा लागला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते हेच. पुढे १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. रेल्वे आणि तार खाते तिच्यावर चालू लागले. शहराने मात्र ती मान्य केली नाही. लोकांना विश्वासात न घेता सरकारने हा निर्णय घेतला, असा मुद्दा सर फिरोजशहा मेहता यांनी मांडला आणि महापालिकेत नव्या वेळेला विरोध केला. जानेवारी १९०६ मध्येच हजारो गिरणी कामगार याच कारणाने रस्त्यावर उतरले.

कामगारांचा राग समजून घ्यायला थोडे गणित पुरते. समजा गिरणीचा भोंगा सकाळी सहाला होतो. घड्याळ ३९ मिनिटे पुढे केले आणि भोंगा सहालाच ठेवला, तर सूर्याच्या हिशेबाने तो ५ वाजून २१ मिनिटांनी होणार. पगार तोच, पण उठायचे अंधारात. घड्याळाचा काटा कोण फिरवतो हा प्रश्न त्यांच्यासाठी झोपेचा आणि श्रमाचा होता.

त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ मुंबईत दोन घड्याळे चालली. एकाच रस्त्यावर स्टेशनातले घड्याळ एक वेळ दाखवी आणि शहराचे दुसरी. हे द्वैत नेमके केव्हा संपले याबद्दल लिहिणाऱ्यांत एकमत नाही. १९५० आणि १९५५ ही दोन्ही साले आढळतात. कोशात मात्र १९०६ नंतर मुंबई गप्पच आहे. संगणकाला '१ जानेवारी १९३०, मुंबई, दुपारचे बारा' असे सांगितले, तर तो कोलकात्याच्या नोंदीने साडेपाच तास वजा करतो आणि ग्रिनिचची सकाळची साडेसहाची वेळ देतो. नोंद मुंबई वेळेत केलेली असेल, तर खरे उत्तर ७ वाजून ९ मिनिटे हे आहे.

जुहूच्या धावपट्टीवरचा प्रश्न

या ३९ मिनिटांनी कोणाचे काय बिघडते, असे वाटेल. त्यासाठी जुहूकडे जाऊ. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन 'पस मॉथ' या छोट्या विमानाने कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतीय टपाल विमानसेवेची ती सुरुवात.

आता त्या दिवसाच्या निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा एखाद्या विद्यार्थ्याने संगणकात भरून उड्डाणाचा काळ काढायचा ठरवला, असे समजू. कोशात कराचीची स्वतंत्र नोंद आहे आणि १९३२ साली तेथे साडेपाच तासांचा फरक दिला आहे. म्हणजे निघण्याची वेळ प्रमाणवेळेत. पोहोचण्याची वेळ कोणत्या घड्याळाने लिहिली? ती मुंबई वेळेत असेल आणि संगणकाने प्रमाणवेळ समजून वजाबाकी केली, तर उड्डाण प्रत्यक्षापेक्षा ३९ मिनिटे कमी वेळात झाले असे उत्तर येईल. विमान कागदोपत्री अधिक वेगवान होईल.

जुहूचे उदाहरण आणखी एका कारणाने उद्बोधक आहे. १९३२ साली जुहू हे मुंबई शहर नव्हते. महापालिकेची हद्द माहीम-शीवपाशी संपे. जुहू उपनगर जिल्ह्यात होते. १९५० साली हद्द वाढली तेव्हा ते महापालिकेत आले. म्हणजे ज्या महापालिकेने मुंबई वेळ धरून ठेवली होती, तिचा अधिकार जुहूला पोहोचत नव्हता. आणि जवळून जाणारी रेल्वे प्रमाणवेळेवर होती. तेव्हा 'मुंबईची वेळ' असे एक नाव दिले तरी प्रश्न सुटत नाही. कोणाच्या अखत्यारीतले घड्याळ, हेही विचारावे लागते.

समुद्राचे उदाहरण अधिक सोपे आहे. अपोलो बंदरावर भरती-ओहोटीची मोजणी १८७८ पासून होत आली आहे. समुद्रपातळीच्या अभ्यासासाठी अशा दीर्घ नोंदी मौल्यवान असतात. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटी आणि भरती यांच्या पातळ्यांत चार मीटरच्या आसपास अंतर पडते. पाणी चढायला सुमारे सहा तास लागतात; जुन्या नावाड्यांच्या अंदाजाप्रमाणे तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी एकूण चढणीचे बारा भागांपैकी तीन भाग चढतात. म्हणजे तासाला साधारण एक मीटर, आणि ३९ मिनिटांत सुमारे ६५ सेंटीमीटर. जुन्या कागदावरची वेळ चुकीच्या घड्याळाने वाचली, तर जुहूच्या वाळूवर गुडघ्याच्या वर येईल इतक्या पाण्याची चूक होते.

१९७० ची रेघ

मुंबई वगळली गेली ती अनवधानाने नव्हे. कोशकारांनी एक रेघ आखली आहे: १९७० नंतर ज्या दोन ठिकाणांची घड्याळे कधी वेगळी पडली नाहीत, त्यांना एकच नोंद. मुंबई वेळ त्याआधीच संपली होती. म्हणून वेगळी नोंद नाही. १९७० पूर्वीची माहिती फक्त नाव दिलेल्या गावापुरतीच समजावी आणि तीही खात्रीची मानू नये, असा इशारा कोशाच्या माहितीपत्रकात आहे. भारतातल्या जुन्या वेळांचा छडा लावणे किती अवघड आहे, याचीही कबुली फाइलीतल्या टिपांत दिली आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९०६ चा संघर्षसुद्धा तेथे उल्लेखलेला आहे.

या रेघेची बाजू आम्हाला समजते. संगणकाची मोजणी १९७० पासून सुरू होते. रेल्वे येण्यापूर्वी प्रत्येक गावाची वेळ निराळी होती. साऱ्यांना नोंदी द्यायच्या तर कोशाचे वजन पेलणार नाही. शिवाय जुनी माहिती बरीचशी एका ज्योतिषोपयोगी संदर्भग्रंथातून आली होती. या कारणावरून फलज्योतिषाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने २०११ साली ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला आणि २०१२ मध्ये मागे घेतला. त्याच सुमारास कोशाची व्यवस्था इंटरनेटचे क्रमांक सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेकडे गेली. घड्याळांचा इतिहास जपण्याची निकड विज्ञानाआधी जन्मकुंडली मांडणाऱ्यांना वाटली, ही गोष्ट आपणा सर्वांनाच विचार करायला लावणारी आहे.

तरीही आमचा आक्षेप कायम राहतो, आणि तो मुंबईच्या मानापमानाचा नाही. आक्षेप असा की इशारा माणसासाठी लिहिला आहे, यंत्रासाठी नाही. टिपेच्या ओळी यंत्र वाचत नाही. ते फक्त आकडे उचलते. १९३० च्या तारखेला ते ज्या ठामपणे उत्तर देते, त्याच ठामपणे १९८० च्या तारखेलाही देते. 'येथे माझी खात्री नाही', 'येथे दोन घड्याळे होती' असे म्हणण्याची सोयच या मांडणीत नाही. प्रयोगवहीत मापनाबरोबर त्रुटीची मर्यादा लिहायला आपण मुलांना शिकवतो. ५ तास २१ मिनिटे १० सेकंद असा सेकंदापर्यंतचा आकडा देऊन तो कोणाच्या घड्याळाचा हे न सांगणे, हे त्या शिकवणीच्या विरुद्ध आहे.

बेरूत आणि उरुम्ची

ही उणीव केवळ जुन्या काळापुरती आहे, असेही नाही. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ रमजान संपेपर्यंत पुढे ढकलल्याचे ऐनवेळी जाहीर केले. मॅरोनाइट चर्च आणि इतर काही संस्थांनी ते मानले नाही. बेरूतमध्ये काही दिवस दोन घड्याळे चालली. मुंबईचे १९०६ साल पुन्हा अवतरल्यासारखे झाले. कोशकारांनी सरकारी घोषणेप्रमाणे घाईने एक आवृत्ती काढली. मग सरकारनेच माघार घेतली, तेव्हा दुसरी आवृत्ती काढून पहिला बदल पुसून टाकला. आज कोश पाहिला तर त्या वर्षी बेरूतमध्ये सारे नेहमीप्रमाणे झाले, असेच दिसते. सरकारी घड्याळ प्रत्यक्षात काही दिवस मागे होते, याचा यंत्राने वाचायच्या आकड्यांत मागमूस नाही.

पण दोन घड्याळे सांभाळणे या कोशाला अशक्य आहे, असे नाही. चीनच्या शिनजियांग प्रांतात सरकारी वेळ बीजिंगची आहे आणि उइघुर समाज त्याहून दोन तास मागची वेळ वापरतो. कोशात तिच्यासाठी 'आशिया/उरुम्ची' अशी वेगळी नोंद आहे. एकाच भूमीवर दोन नावे, दोन घड्याळे. वापरणाऱ्याने आपले निवडावे. याच न्यायाने मुंबईचीही सोय होऊ शकते. १९७० पूर्वीच्या, मुख्य संचात न बसणाऱ्या नोंदींसाठी कोशात एक जोडफाइल आहे. तिच्यात हनोई आहे, तेल अवीव आहे; मुंबई नाही. मुख्य यादीतले 'कोलकाता' बदलून 'मुंबई' करा, अशी मागणी आम्ही करणार नाही; त्याने काहीच साधणार नाही. जोडफाइलीत मुंबई वेळेची नोंद यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

अशी नोंद भावनेवर मिळत नाही, पुराव्यावर मिळते. १९५० की १९५५, याचा निकाल महापालिकेचे ठराव, सरकारी राजपत्रे आणि त्या काळातली मराठी, गुजराती व इंग्रजी वृत्तपत्रे यांतूनच लागेल. हा शोध मुंबईतले शिक्षक आणि विद्यार्थी जितका चांगला घेऊ शकतील, तितका कॅलिफोर्नियात बसलेला कोशकार घेऊ शकणार नाही. उणिवेचा काही वाटा आपल्याकडेही येतो. आपण आपले पुरावे मांडले नाहीत. मग कोशात ते कोठून येणार?

वर्गासाठी

या परीक्षणातून वर्गात नेण्यासारख्या तीन गोष्टी निघतात.

पहिली, घडून गेलेल्या घटनेची वेळ लिहिताना घड्याळातले वाचन, ठिकाण आणि ग्रिनिचपासूनचा फरक ही तिन्ही लिहावीत. 'दुपारी १२.००, मुंबई, अधिक ४.५१' आणि 'दुपारी १२.००, मुंबई, अधिक ५.३०' हे दोन वेगळे क्षण आहेत. तीन अक्षरांच्या आद्याक्षरांवर कधीच विसंबू नये.

दुसरी, पुढे घडायच्या घटनेसाठी मात्र स्थानिक वेळ आणि ठिकाण जपावे. पुढच्या वर्षी न्यू जर्सीत सकाळी दहाला असलेला समारंभ आजच ग्रिनिच वेळेत बदलून ठेवला आणि दरम्यान तेथील कायदा बदलला, तर संगणक एका तासाने चुकीची वेळ दाखवील. लोक समारंभाला त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे येतात.

तिसरी गोष्ट करून पाहण्याची आहे. शाळेच्या मैदानात सरळ काठी उभी करा आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते टिपा. मुंबईत ती बारा वाजता होत नाही. वर्षभराच्या सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी होते; नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १२.२२ ला, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १२.५३ ला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे हा झोका येतो. सरासरी ३९ मिनिटे कोठून आली हे विद्यार्थ्यांनाच ८२ अंश ३० मिनिटांतून ७२ अंश ५० मिनिटे वजा करून काढू द्यावे. मग संगणकावर 'आशिया/कोलकाता' उघडून १९०६ ची ओळ दाखवावी, आणि ही ओळ कोणी, कोणासाठी व कोणाला विचारून लिहिली, यावर चर्चा घ्यावी.

एकूण पाहता कालविभाग कोश हे आमच्या मते अलीकडच्या काळातले एक मोठे सामूहिक लेखन आहे. स्थळाच्या नावाने ओळख आणि इतिहासाची जपणूक या त्याच्या दोन निर्णयांना तोड नाही. एका ठिकाणी एका वेळी एकच घड्याळ असते, हे त्याचे गृहीतक मात्र मुंबईने चार दशके आणि बेरूतने चार दिवसांत खोटे ठरवले आहे. १९७० नंतरच्या व्यवहारासाठी कोश निर्धास्त वापरावा. त्याआधीची तारीख आली, की उत्तर उतरवून घेण्यापूर्वी ते घड्याळ कोणाचे होते, एवढे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.